उत्क्रांतिरीती आणि त्यांच्या मर्यादा

अनेक शक्य उत्तरांतून सर्वोत्तम उत्तर निवडणे, यास गणितात इष्टतमीकरण म्हणतात. या कामी सजीवांच्या उत्क्रांतीचे अनुकरण करणाऱ्या रीतींचा पाया १९६० नंतरच्या दशकात बर्लिन येथे इंगो रेशेनबेर्ग व हान्स-पाउल श्वेफेल यांनी, तर अमेरिकेत जॉन हॉलंड यांनी घातला. हॉलंड यांचा या विषयावरील ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला.

या रीतींचे स्वरूप साधे आहे. प्रथम काही उत्तरे यदृच्छेने घ्यावयाची. त्यांतील सरस तेवढी राखावयाची. त्यांचा परस्परांशी संकर करावयाचा, क्वचित एखाद्या अंशात बदल करावयाचा. आणि अशा पिढ्यांमागून पिढ्या चालवावयाच्या. उत्तर सुधारत जाते खरे. पण ते सर्वोत्तम आहे काय?

फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न घेऊ. प्रत्येक शहरी एकदाच जाऊन त्याने मूळ स्थानी परतावे व एकूण अंतर कमीत कमी असावे, अशी अट आहे. शहरे ५ असल्यास निरनिराळे मार्ग केवळ १२ होतात. शहरे ४९ झाली की मार्गांची संख्या ६ वर ६० शून्ये मांडून होणाऱ्या संख्येहूनही मोठी होते. उत्क्रांतिरीत त्यांतील अत्यल्प मार्ग तपासते. शंभर पिढ्यांत सुधारणा झाली नाही, तर कदाचित सर्वांत लहान मार्ग हाती आला असेल. किंवा सर्व उत्तरे एकाच साच्याची होऊन, धुक्यात उतरणाऱ्या वाटसरूप्रमाणे, उथळ खळग्यालाच दरीचा तळ समजून शोध थांबला असेल. या दोहोंतील भेद रीतीला स्वतःला ओळखता येत नाही.

१९५४ मध्ये डँट्झिग, फुलकर्सन व जॉन्सन यांनी अमेरिकेतील ४९ शहरांचा प्रश्न निराळ्या वाटेने सोडविला. मार्गावरील अटी रेषीय असमानतांच्या रूपात मांडून, हाती असलेल्या मार्गाहून लहान मार्ग असूच शकत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. सर्व मार्ग मोजण्याची गरज उरली नाही. याच विचारसरणीचा विस्तार करून २००६ मध्ये ८५,९०० बिंदूंच्या प्रश्नातही अशी सिद्धता मिळाली. तेथे मार्ग आधीच एका शोधरीतीने सापडला होता. तो सर्वांत लहान असल्याचा निर्वाळा मात्र सिद्धतेनेच दिला.

१९९७ मध्ये वोल्पर्ट व मॅकरेडी यांनी आणखी एक मर्यादा दाखविली. सर्व शक्य प्रश्नांची सरासरी घेतल्यास कोणतीही शोधरीत दुसरीहून सरस ठरत नाही. म्हणून प्रश्नाची विशेष घडण ओळखून तिला साजेशी रीत योजावी लागते.

तथापि उत्क्रांतिरीती निरुपयोगी नव्हेत. २००६ मध्ये सोडलेल्या नासाच्या ‘स्पेस टेक्नॉलॉजी ५’ उपग्रहांवरील अँटेनाचा आकार त्यांच्याच साहाय्याने ठरविला गेला. तेथे नेमून दिलेले कार्य करणारा आकार पुरेसा होता. चांगले उत्तर सापडणे आणि त्याहून चांगले उत्तर नाही असे सिद्ध होणे, या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीसाठी शोध पुरतो. दुसरीसाठी गणिती प्रमाण लागते.