जुना संगणक जोडणीत आणताना



सन १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ योजनेतून वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्यात आली. ऊसनोंद, तोडणी आणि बिल यांची माहिती सभासदाला गावातच मिळावी, हा त्यामागचा हेतू. आज आपल्या धाराशिव जिल्ह्यातही सोसायटी, दूध संकलन केंद्र किंवा काट्याच्या खोलीत आपलीच मुले जुने संगणक सांभाळतात. त्यांच्यासाठी हा पाठ.

मी पूर्वी ज्या कारखान्यात नोकरीस होतो, तिथला काट्याचा संगणक दुरुस्त होऊन आला. विंडोज नव्याने भरली होती, पण नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर घातलाच नव्हता. आकडे हाताने उतरवावे लागले आणि एका सभासदाच्या २१ टनांचे १२ टन झाले. पावती जपली होती म्हणून तो बिचारा वाचला.

कार्ड म्हणजे गाडी-बैल, तर ड्रायव्हर म्हणजे गाडीवान. गाडीवानाशिवाय गाडी जागची हलायची नाही.

१) ओळख पटवा. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये इथरनेट कंट्रोलरपुढे पिवळी खूण दिसली, तर ड्रायव्हर नाही असे समजावे. प्लग काढून, पेटीच्या लोखंडाला हात लावून मग कार्ड बाहेर घ्या. खोक्यावरचे नाव पाहू नका. मोठ्या चिपवरचा क्रमांक वाचा, उदा. रियलटेक ८१३९.

२) ड्रायव्हर आणा. तो चिपचा आणि तुमच्या विंडोजचाच हवा. दुसऱ्या संगणकावरून सीडीवर आणा. विंडोज ९८ पेन ड्राइव्ह सहसा ओळखत नाही. मग ‘अपडेट ड्रायव्हर’ म्हणून तो फोल्डर दाखवा.

३) पाळी तपासा. फार जुन्या, आयएसए पद्धतीच्या कार्डांना ‘आयआरक्यू’ क्रमांक द्यावा लागतो. ही पाण्याची पाळीच समजा. दोघांनी एकाच वेळी दारे धरले की भांडण ठरलेले. एनई-२००० जातीचे कार्ड बहुधा ३ क्रमांकावर येते आणि तोच क्रमांक कॉम-२ चा असतो. वजनकाट्याची वायर कॉम-२ वर असेल तर काटाही बंद पडेल. कार्ड ५ किंवा १० यांपैकी रिकाम्या क्रमांकावर न्या.

४) पत्ता द्या. १९२.१६८.०.१० असा आयपी व २५५.२५५.२५५.० हा मास्क. एका गावात एकच गट नंबर दोन शेतांना नसतो, तसा एकच पत्ता दोन संगणकांना देऊ नये.

५) चाचणी घ्या. आधी कार्डाचा दिवा बघा. तो लागत नसेल तर वायर तपासा. मग पिंग १२७.०.०.१, नंतर स्वतःचा पत्ता, शेवटी शेजारच्या संगणकाचा. जिथे उत्तर थांबेल तिथे दोष शोधा.

विंडोज एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाली. असे यंत्र खोलीतल्या जोडणीपुरते ठेवा, इंटरनेटला लावू नका. आणि विंडोज पुन्हा भरण्याआधी ड्रायव्हरची एक प्रत बेण्यासारखी राखून ठेवा.

यंत्र कोणतेही असो, आकडा काट्यावरून थेट हिशेबात गेला पाहिजे. तोवर वजनपावती फेकू नका, बिलाशी ताडून पाहा.

आपला,
ऊस विकास अधिकारी