दोन मिनिटांचं गणित, रात्रभराचा हिशेब

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लेख लिहायचा म्हणजे मला एम-थ्रीच्या पेपरपेक्षा जास्त टेन्शन! शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण मागच्या सेमिस्टरला जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सबमिशनची रात्र होती. साडेअकराला मी इलेक्ट्रिक केटलमध्ये नूडल्सची दोन पाकिटं केली. रूममेट झोपली होती, म्हणून तिचा वाटा तसाच केटलमध्ये झाकून ठेवला. सकाळी आठला मीच तिला म्हटलं, "अगं, गरम करून खा, काही होत नाही." अकराच्या व्हायवाला तिचा नंबर आला तेव्हा ती बाथरूममध्ये उलट्या करत होती. दवाखान्यात मी डॉक्टरांना ठामपणे सांगितलं, "सर, ही पाकिटंच खराब असतात." त्यांनी एवढंच विचारलं, "शिजवलं कधी आणि खाल्लं कधी?" मी साडेआठ तासांचा हिशेब सांगितला. ते म्हणाले, "मग बहुधा पाकिटाचा नाही, त्या साडेआठ तासांचा दोष आहे." मी गप्प.

इंजिनिअर व्हायचं तर खरं कारण शोधायला हवं, म्हणून थोडा अभ्यास केला. तोच इथे मांडते.

पाकिटाचं विज्ञान

इन्स्टंट नूडल्स 1958 साली जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी बाजारात आणल्या. युक्ती साधी आहे. वाफवलेल्या नूडल्स गरम तेलात तळायच्या. आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि मागे बारीक छिद्रं राहतात. नंतर उकळतं पाणी त्याच छिद्रांतून आत शिरतं आणि दोन-तीन मिनिटांत काम होतं. पाणीच नसल्यामुळे कोरड्या पाकिटात जंतू वाढत नाहीत. पण आपण पाणी घातलं की हे संरक्षण संपलं!

शिजवलेला भात, नूडल्स, शेवया यांत 'बॅसिलस सेरियस' नावाचा जिवाणू वाढू शकतो. त्याचे बीजाणू उकळल्यावरही जिवंत राहतात. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात अन्न तासन् तास राहिलं की जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. उलटी करवणारं हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत त्रास सुरू होतो. म्हणजे माझं "गरम करून खा" हे वाक्य शंभर टक्के चुकीचं होतं.

मग 2015 मध्ये काय झालं?

तेव्हा मी प्रायमरीत होते, पण घरातली पाकिटं आईने फेकलेली आठवतात. शिशाचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त असल्याचं सांगून एफएसएसएआयने जून 2015 मध्ये मॅगी नूडल्स बाजारातून परत घ्यायला लावल्या. मर्यादा होती 2.5 पीपीएम, म्हणजे एका किलोत 2.5 मिलिग्रॅम. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि नव्याने तपासण्या करायला सांगितलं. त्यांत शिसं मर्यादेच्या आत निघालं आणि नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. यातून मी शिकले ते असं: नुसत्या भीतीवर जाऊ नये, मोजमाप कुठे आणि कसं झालं ते विचारावं.

रोजच्या खाण्यात खरी काळजी मीठ, मैदा आणि तेलाची आहे. पाकिटामागे सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. 1000 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे निम्मा कोटा एका वाडग्यात! प्रोटीन आणि फायबर मात्र जेमतेम.

आजीचं इन्स्टंट

हे सगळं आजीला फोनवर सांगितलं तर ती हसली. "अगं बाई, आम्ही उन्हाळ्यात शेवया वाळवायचो ते दुसरं काय होतं?" खरंच की! तेलाऐवजी ऊन, बाकी तत्त्व तेच. तिने सुचवलेले आणि मी रूमवर करून पाहिलेले तीन प्रकार देते.

1. उपम्याचं कोरडं मिश्रण: घरी दोन वाट्या बारीक रवा मंद आचेवर खमंग भाजायचा. मोहरी, उडीद डाळ, हिंग, सुकी मिरची, शेंगदाणे आणि कढीपत्ता यांची फोडणी करून त्यात मिसळायची, चवीला मीठ घालायचं. कढीपत्ता कुरकुरीत व्हायलाच हवा, नाहीतर ओल राहते. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरायचं. खाताना एक वाटी मिश्रणावर पावणेदोन वाट्या उकळतं पाणी ओतून, ढवळून दहा मिनिटं झाकायचं.

2. भाजलेल्या गव्हाच्या शेवया: स्टीलच्या डब्यात उकळत्या पाण्यात बुडवून झाकायच्या, मऊ झाल्या की पाणी काढायचं. वरून टोमॅटो, लिंबू, मोड आलेले आणि उकडलेले मूग.

3. दडपे पोहे: यांना तर वीजही लागत नाही! पातळ पोहे, कांदा, काकडी, ओलं खोबरं, लिंबू, दाणे. लगेच संपवायचे, कारण खोबरं लवकर खराब होतं.

केटलमध्ये फक्त पाणी उकळा, अन्न शिजवू नका. मसाला कॉइलवर करपतो, पाणी उतू जाऊन शॉर्टसर्किटचा धोका असतो आणि कोपऱ्यातलं खरकटं धुतलं जात नाही. वॉर्डन मॅडमना एक विनंती: प्रत्येक मजल्यावर छोटा फ्रीज मिळाला तर उरलेलं अन्न वेळेत आत जाईल.

रूममेटची व्हायवा नंतर झाली आणि ती पासही झाली. तिने मला माफ केलंय, पण मी दिलेला डबा उघडण्याआधी आता ती विचारते, "कधी केलंस?" तुम्हीही विचारत जा. पुढच्या सबमिशनला उपमा खायला आमच्या रूमवर जरूर या, फक्त उरलेलं मागू नका!