सीताबर्डीच्या आधीचं दीड वर्ष : सातवीच्या वर्गात अप्पासाहेब भोसले



"1818 मध्ये मराठी सत्ता संपुष्टात आली." हे वाक्य आपण सगळ्यांनीच फळ्यावर लिहिलंय. मुलंही ते वहीत उतरवून घेतात आणि विसरून जातात. मी दरवर्षी या वाक्यापाशी थोडा थांबतो, कारण त्या वर्षातली एक मोठी घडामोड आपल्या मारेगावच्या अगदी उंबरठ्यावर झाली आहे. 17 एप्रिल 1818 रोजी पेशवा दुसरा बाजीराव आणि कंपनीचा कर्नल ॲडम्स यांची गाठ पांढरकवड्याजवळ शिवणीला पडली. (इंग्रजी नोंदीत तिचं नाव 'सिवनी' असं येतं. मध्य प्रदेशातलं सिवनी वेगळं. माझाही सुरुवातीला तोच घोळ झाला होता.)

पण पुण्याचा पेशवा इतक्या दूर, आपल्या भागात, करत काय होता? मुलांना हा प्रश्न विचारून बघा. उत्तर एकच, तो चांद्याकडे निघाला होता. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर, आणि ते नागपूरकर भोसल्यांचं. नागपूरचे भोसले आपल्याला साथ देतील या आशेवर तो इकडे आला होता. ती आशा कुठून आली, हे समजायला दोन वर्षं मागं जावं लागतं. तिथंच खरा धडा आहे.

आधी नकाशा काढा. वर्धा नदी ठळक निळ्या रंगानं. 17 डिसेंबर 1803 च्या देवगावच्या तहात दुसरे रघुजी भोसले यांना वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. म्हणजे नदीच्या अलीकडचे आपण, वणी-मारेगाववाले, निजामाच्या मुलखात. पलीकडे वरोरा-चांदा भोसल्यांचा. वर्गातली निम्मी मुलं मामाच्या गावाला वरोऱ्याकडे जातात, त्यांना हे फार गंमतीचं वाटतं.

एवढा मुलूख गमावूनही रघुजींनी एक गोष्ट शेवटपर्यंत केली नाही. कंपनीची तैनाती फौज त्यांनी नागपुरात येऊ दिली नाही. तैनाती फौज म्हणजे काय हे मुलांना घरच्या भाषेत सांगा : रखवालदार दुसऱ्याचा, पगार आपला, आणि हुकूमही दुसऱ्याचाच. मार्च 1816 मध्ये रघुजी गेले. गादीवर मुलगा परसोजी आला, पण तो शरीरानं आणि मनानं दुबळा होता. राज्य चालवणार कोण? एका बाजूला राणी बाकाबाई आणि खजिना ताब्यात असलेले धर्माजी भोसले. दुसऱ्या बाजूला परसोजीचा चुलतभाऊ अप्पासाहेब, म्हणजे मुधोजी. एप्रिलमध्ये अप्पासाहेबांनी धर्माजीला कैद केलं आणि स्वतः कारभारी झाले. पुढे धर्माजी मारलाच गेला. आजच्या भाषेत याला सत्तापालट म्हणायचं.

आता इथं थांबून मुलांना विचारायचं, "सत्ता तर हाती आली. आता अप्पासाहेबांना झोप लागेल का?"

नाही लागत. दरबारात शत्रू आहेत, फौज आपलीच राहील याची खात्री नाही. मग बाहेरून कुणीतरी "हाच खरा" असं म्हणायला हवं. नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स तेच म्हणायला तयार होता, पण फुकट नाही. गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला पेंढाऱ्यांविरुद्धच्या मोहिमेसाठी नागपूर आपल्या बाजूला हवं होतं. 27 मे 1816 ला गुपचूप तह झाला. कंपनीची पायदळाची सहा पथकं आणि घोडदळाचं एक, आणि त्यांच्या खर्चासाठी नागपुरानं वर्षाला साडेसात लाख रुपये द्यायचे. रघुजींनी जे आयुष्यभर टाळलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर दोन-सव्वादोन महिन्यांत झालं! माझ्या मते सगळ्या धड्याची किल्ली या एका तारखेत आहे. कंपनीला लढाई करावी लागली नाही. सत्तेवर नव्यानं बसलेल्या माणसाची भीती तेवढी तिनं ओळखली.

पुढचा प्रसंग मुलं श्वास रोखून ऐकतात. जानेवारी 1817 मध्ये अप्पासाहेब चांद्याला गेले. ते तिकडे असतानाच 1 फेब्रुवारीला सकाळी नागपूरच्या वाड्यात परसोजी अंथरुणात मृत आढळले. अप्पासाहेब राजे झाले. कंपनीनं त्यांना मान्यताही दिली. परसोजीचा खून अप्पासाहेबांनी करवला, हा आरोप जेन्किन्सनं अधिकृतपणे पुढे केला तो वर्षभरानं, मार्च 1818 मध्ये, त्यांना अटक करताना. मधल्या वर्षात हा माणूस कंपनीचा मित्र होता ना! खून झाला की नाही यावर वर्गात निकाल द्यायला बसू नका. मुलांना फक्त दोन तारखा शेजारी शेजारी लिहायला सांगा आणि गप्प राहा. माझ्या वर्गात कुणीतरी हमखास म्हणतं, "सर, मंग तवाच कावून नाही धरलं?"

(1 फेब्रुवारीवरून आठवलं. 2021 साली याच तारखेला म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली. मोठ्या मुलांना ते सांगता येईल. नव्या सत्तेशी शेजाऱ्यांनी बोलायचं की नाही, हा पेच अजून शिळा झालेला नाही.)

तर राजे झाल्यावर अप्पासाहेबांना लक्षात आलं की ज्याच्या आधारानं उभे राहिलो, त्याच्याच मुठीत आहोत. मग त्यांनी दुसरीकडे हात लांबवला, पेशव्याकडे. भोसले आणि पेशवे यांचं नातं जुनं, भांडणाचं आणि मानाचंही. पण पेशव्याची स्थिती काय होती? 13 जून 1817 च्या पुणे तहात बाजीरावानं मराठा मंडळाचं प्रमुखपद सोडल्याचं लिहून दिलं होतं आणि दुसऱ्या दरबारांत वकील ठेवायचे नाहीत हेही मान्य केलं होतं. तरी निरोप येत-जात राहिले. 5 नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. 17 नोव्हेंबरला पुण्यात शनिवारवाड्यावर कंपनीचं निशाण चढलं. आणि 24 नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी नागपुरात पेशव्याकडून आलेला 'सेनापती' हा किताब आणि वस्त्रं समारंभानं स्वीकारली. रेसिडेंटलाही आमंत्रण होतं. तो आला नाही.

तारखा पुन्हा बघा. ज्या पेशव्याची मान्यता घेतली, त्याची राजधानी आठवडाभरापूर्वीच गेली होती. हे धाडस म्हणायचं की उशीर? मला तरी उशीरच वाटतो. पण तुम्ही आपलं मत मुलांवर लादू नका.

26 नोव्हेंबरच्या संध्याकाळी सीताबर्डीची लढाई पेटली आणि 27 ला दुपारपर्यंत चालली. नागपूरची फौज संख्येनं कितीतरी पट मोठी होती, तरी टेकडी कंपनीनं राखली. लढाईचं वर्णन मी थोडक्यात आटपतो. सहलीला गेलेल्या मुलांनी रेल्वे स्टेशनजवळची ती टेकडी पाहिलेली असते, तेवढं पुरतं. 16 डिसेंबरला अप्पासाहेब स्वतः रेसिडेन्सीत येऊन हजर झाले. शहरातले अरब शिपाई मात्र महिनाअखेरपर्यंत हटले नाहीत. जानेवारीत नवा करार होऊन अप्पासाहेबांना जाचक अटींवर परत गादी मिळाली, तरी बाजीरावाशी संधान सुटलं नाही. 15 मार्च 1818 ला अटक. म्हणजे बाजीराव आपल्या भागात पोचला तेव्हा ज्याच्या भरवशावर तो आला होता तो राजा कैदेत होता. मुलांचा सुरुवातीचा प्रश्न इथं सुटतो.

आता वर्गातला अनुभव सांगतो. मी चार चिठ्ठ्या करतो : जेन्किन्स, अप्पासाहेब, पेशव्याचा वकील आणि बाकाबाई. तारीख एकच, फेब्रुवारी 1817. प्रत्येक गटाला फक्त त्या दिवशी त्या माणसाला ठाऊक असेल तेवढीच माहिती द्यायची आणि एक पत्र लिहायला लावायचं. पुढं काय होणार हे कुणालाच माहीत नाही. ही अट पाळणं अवघड जातं. एक मुलगा जेन्किन्स होऊन लिहीत होता, "मी तुम्हाला नोव्हेंबरात हरवीन!" हसू आलं, पण त्याच चुकीवर अर्धा तास छान बोलता आलं. दोन तासिका लागतात. एकीत उरकायला जाऊ नका, मी एकदा गेलो आणि नुसता गोंधळ झाला.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न : "सर, मंग अप्पासाहेब कोनाकडून होता जी?" पहिल्या वर्षी मी घाईत "देशासाठी लढला" असं सांगून मोकळा झालो होतो. लगेच पुढचा बाण आला, "मंग तैनाती फौज कोनं आनली?" तेव्हापासून मी उत्तर देत नाही. 'फितूर' आणि 'शूर' हे दोन शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो. तासाच्या शेवटी मुलं बहुधा दोन्ही खोडतात आणि "भ्यालेला" असं काहीतरी तिसरंच सुचवतात.

पालकांसाठी एक विनंती. घरी मुलानं हा विषय काढला तर "आपले" आणि "परके" एवढ्यावर मिटवू नका. आमच्या वर्गातली गोंड मुलं जिथं कान टवकारतात तो भाग जरूर सांगा : कैदेतून अलाहाबादकडे नेत असताना, मे 1818 मध्ये, जबलपूरच्या बाजूला अप्पासाहेब पहाऱ्यातून निसटले, आणि महादेवाच्या डोंगरात त्यांना गोंड सरदारांनी आसरा दिला. त्या सरदारांनी साडेसात लाखांचा करार मागितला नव्हता. पुढे लाहोर, मग जोधपूर. 1840 मध्ये ते जोधपुरातच वारले.

आणि बाकाबाईची चिठ्ठी शक्यतो बोलक्या मुलीला द्या. गेल्या वर्षी आमच्या बाकाबाईनं पत्र लिहायलाच नकार दिला. म्हणाली, "मले त कोनं इचारलंच नाही, पत्र कोनाले लिवू?" मी तिला सांगितलं, थांब, जून 1818 येऊ दे. त्या महिन्यात कंपनीनं रघुजींच्या मुलीचा लहान मुलगा, तिसरा रघुजी, गादीवर बसवला आणि त्याच्या वतीनं बघायला बाकाबाईच होती, कारभार मात्र जेन्किन्सच्या हातात. पुढच्या तासाला तिनं पत्र आणलं. जेन्किन्सला लिहिलेलं, तीन ओळींचं. पहिलीच ओळ होती : "या खेपेला किती लाख?"