वाहत्या पाण्याचा न्याय

उत्तर अमेरिकेत रिओ ग्रांदे नावाची मोठी नदी आहे. कोलोराडोच्या पर्वतांत ती उगम पावते, न्यू मेक्सिकोच्या रुक्ष प्रदेशातून दक्षिणेस येते आणि पुढे अमेरिकेची संयुक्त संस्थाने व मेक्सिको यांची सीमा होऊन समुद्रास मिळते. तिच्या काठी मेक्सिकोत हुआरेस हे नगर वसले आहे. तेथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तिच्याच पाण्यावर शेती करीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र त्यांचे पाट कोरडे पडू लागले. कारण वरच्या अंगास अमेरिकन शेतकऱ्यांनी पाणी आपल्या कालव्यांत वळविले होते. मेक्सिकोने तक्रार केली. तेव्हा १८९५ साली अमेरिकेचे महान्यायवादी जडसन हार्मन यांनी असे मत दिले, की आपल्या भूमीवरील पाणी कसे वापरावे हे ठरविण्यास आपला देश स्वतंत्र आहे. खालच्या देशासाठी पाणी सोडण्याचे बंधन आंतरराष्ट्रीय कायदा घालीत नाही.

ज्याच्या शेतातून पाट आधी जातो त्याने तो सगळाच अडवावा, हे तुमच्या गावात चालेल काय? गावात तंटा झाला तर पंच आहेत, न्यायालय आहे. पण दोन राष्ट्रांचा तंटा कोणत्या नियमाने तोडावा?

या प्रश्नाच्या अभ्यासाला ज्यांनी आयुष्य वाहिले, त्यांपैकी स्टीफन मॅक्कॅफ्री हे एक होत. बर्कले येथे कायद्याचे शिक्षण घेऊन आणि जर्मनीतील कोलोन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो येथे कायद्याचे प्राध्यापक झाले. हार्मन यांचे मत ग्रंथाग्रंथांतून उद्धृत होत आले होते. मॅक्कॅफ्री यांनी जुने कागदपत्र तपासले आणि १९९६ साली एका लेखात दाखवून दिले, की खुद्द अमेरिकाही त्या मताप्रमाणे वागली नव्हती. १९०६ साली तिने मेक्सिकोशी करार करून दरवर्षी सुमारे ७ कोटी ४० लक्ष घनमीटर पाणी देण्याचे कबूल केले होते!

संयुक्त राष्ट्रसंघाचा एक आंतरराष्ट्रीय विधी आयोग आहे. राष्ट्राराष्ट्रांतील कायद्याचे मसुदे तयार करणे हे त्याचे काम. सामाईक नद्यांच्या पाण्याविषयी नियम करावेत, असे राष्ट्रसंघाने १९७० साली त्यास सुचविले. मॅक्कॅफ्री १९८२ मध्ये आयोगाचे सभासद झाले आणि १९८५ पासून १९९१ पर्यंत या विषयाचे विशेष प्रतिवेदक होते. जुने करार, निवाडे व देशांच्या रीती धुंडाळून अहवाल लिहावयाचा, मग त्यातील वाक्य न्‌ वाक्य सभासदांच्या चर्चेत तावून सुलाखून घ्यावयाचे, असे हे काम. मसुद्यातील मुख्य नियम ऐकावयास साधे आहेत. प्रत्येक देशाने नदीचे पाणी न्याय्य व वाजवी रीतीने वापरावे. शेजाऱ्याची मोठी हानी करू नये. आणि धरणासारखे काम आरंभण्यापूर्वी त्यास कळवावे.

पण साध्या नियमातही एकेक शब्द केवढा जड असतो पाहा. १९९१ च्या मसुद्यात ‘हानी’ या शब्दामागे जे इंग्रजी विशेषण होते, त्याचे दोन अर्थ होत: ‘मोजता येण्याजोगी’ आणि ‘लक्षणीय’. पहिला अर्थ घेतला, तर उपकरणाने टिपलेली क्षुल्लक घटही नियमभंग ठरावयाची आणि वरच्या देशाला साधा बंधाराही घालता यावयाचा नाही. म्हणून १९९४ साली, रॉबर्ट रोझेनस्टॉक हे प्रतिवेदक असताना, तो शब्द काढून केवळ ‘लक्षणीय’ या अर्थाचा शब्द घालण्यात आला. कोणी याला शब्दच्छल म्हणेल; पण त्या एका शब्दावर लक्षावधी शेतकऱ्यांचे पाणी अवलंबून होते.

२१ मे १९९७ रोजी राष्ट्रसंघाच्या आमसभेने हा करार शंभराहून अधिक मतांनी स्वीकारला. तीन देश विरुद्ध गेले. भारत तटस्थ राहिला. करार अमलात येण्यास ३५ देशांची संमती हवी होती. ती मिळून तो अमलात येण्यास २०१४ साल उजाडले.

न्यायालय मात्र इतके थांबले नाही. चेकोस्लोव्हाकियाने १९९२ साली डॅन्यूब नदीचे पाणी आपल्या बाजूस वळविले होते. हंगेरीशी निर्माण झालेला तो वाद हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तत्पूर्वीच स्लोव्हाकिया हा वेगळा देश झाला होता व तो या वादात हंगेरीचा प्रतिपक्ष ठरला. त्याच्या वकिलांत मॅक्कॅफ्री होते. सप्टेंबर १९९७ मध्ये न्यायालयाने हंगेरीलाही दोष दिला आणि पाणी परस्पर वळविणे गैर ठरविले. आणि हे सांगताना चारच महिन्यांपूर्वीच्या त्या कराराचा आधार घेतला. मॅक्कॅफ्री यांनी ज्या मसुद्यासाठी वर्षे खर्ची घातली होती, तोच असा त्यांच्या पक्षकाराविरुद्ध उभा राहिला!

पुढे भारतानेही त्यांचे साहाय्य घेतले. जम्मू-काश्मीरमध्ये किशनगंगा नदीचे पाणी विजेसाठी वळविण्यास पाकिस्तानने हरकत घेतली, तेव्हा लवादापुढे भारताच्या वकिलांत ते होते. २०१३ साली निवाडा झाला. भारताला पाणी वळविण्याची मुभा मिळाली; परंतु धरणाखालील पात्रात दर सेकंदास किमान ९ घनमीटर पाणी सोडावे, असे लवादाने ठरवून दिले.