मॅक्रो फोटोग्राफी : शाळेसाठी कमी खर्चाचं साहित्य कसं निवडावं?



कीटकाला सहा पाय असतात, हे मुलं परिसर अभ्यासात पाठ करतात. पण पहिल्या पावसानंतर आपल्या पाटोद्याच्या रानात निघणारा लाल मखमली मृगाचा किडा जवळून पाहिला, तर पाय आठ भरतात. म्हणजे तो कोळ्याच्या कुळातला, कीटक नव्हेच. हे आपण सांगण्यापेक्षा मुलांनी फोटोत मोजलेलं बरं. बारीक वस्तूचे असे जवळून फोटो काढणं म्हणजे मॅक्रो फोटोग्राफी. त्यासाठी महागडा कॅमेराच लागतो असं नाही.

१. आधी काय पाहायचं ते ठरवा

मृगाचा किडा साधारण १ सेंमी असतो. कपाशीवरचा तुडतुडा सुमारे ३ मिमी, मावा १ ते २ मिमी आणि फुलकिडे १ मिमीच्या आसपास. साहित्य या मापावरून निवडायचं, जाहिरातीवरून नाही.

२. फोनला लावायचं भिंग

क्लिपची भिंगं काहीशे रुपयांत मिळतात. त्यावर ५एक्स, १०एक्स असं लिहिलेलं असतं. सोपा हिशोब असा : २५ ला त्या आकड्याने भागा, तेवढे सेंमी जवळ जावं लागतं. ५एक्सला ५ सेंमी, १०एक्सला अडीच सेंमी. अडीच सेंमीवर फोनचीच सावली पडते आणि तुडतुडा उडून जातो. म्हणून पहिलं भिंग ५एक्सच्या आसपासचं घ्या. मावा एका जागी बसून राहतो, त्याला १०एक्स चालतं.

३. पट्टीची कसोटी

दुकानात किंवा घरी कंपासपेटीतल्या पट्टीचा फोटो काढा आणि आडवे किती मिमी मावले ते मोजा. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे सुमारे ४००० ठिपके असतात. ४० मिमी मावले तर १ मिमीला १०० ठिपके, म्हणजे तुडतुड्याला ३००. एवढ्यात पाय मोजता येतात. स्वस्त फोनमधला २ मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा फक्त १६०० ठिपके देतो. तेवढेच ४० मिमी मावले तर १ मिमीला ४०. म्हणजे मुख्य कॅमेऱ्याला भिंग लावणंच बरं. पाचवीच्या मुलांना हा भागाकार जरूर करायला द्या.

४. घरात लेन्स बदलता येणारा कॅमेरा असेल तर

खास मॅक्रो लेन्स बहुतेक वीस-पंचवीस हजारांच्या पुढे जाते. त्याऐवजी एक्स्टेन्शन ट्यूब बघा. ही आतून पोकळ नळी, तिच्यात काच नसते. ५० मिमीच्या लेन्सला २५ मिमीची ट्यूब लावली की सेन्सरवर प्रतिमा खऱ्या आकाराच्या निम्मी पडते. ५० मिमीची लावली तर खऱ्या आकाराएवढी. अगदी स्वस्त ट्यूबमध्ये विजेची जोडणी नसते, त्यामुळे ऑटोफोकस चालत नाही. घेण्याआधी हे विचारून घ्या.

५. उजेड आणि स्थिर हात

जवळून फोटो काढताना फोकस अगदी थोड्या जाडीवर बसतो. हात जरा हलला की फोटो गेला. कोपर गुडघ्यावर टेकवा, फोन विटेवर ठेवा. सकाळचं कोवळं ऊन उत्तम. उन्हाच्या बाजूला पांढरा पातळ कागद धरला की उजेड मऊ होतो, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरला की सावली उजळते. या गोष्टींना पैसे लागत नाहीत, आणि फरक सगळ्यात जास्त यांनीच पडतो.

६. घ्यायची काळजी

* फवारणी झालेल्या कपाशीत मुलांना अजिबात नेऊ नका. शाळेच्या आवारातलं गवत, लिंब, रुई पुष्कळ आहे.
* किडा मारून किंवा टाचणीला टोचून फोटो काढायचा नाही.
* दगड उलटवायचा तो मोठ्या माणसाने; खाली विंचू असू शकतो.

खरेदीचा क्रम

आधी हातातला फोन आणि पट्टी, मग ५एक्सचं भिंग, पुढे वाटलं तर १०एक्स. ट्यूबचा विचार घरात कॅमेरा असेल तरच. भिंगासाठी नवा फोन घेऊ नका आणि हप्त्यावर तर काहीच नको.

शेवटचं पण महत्त्वाचं. किडे-मुंग्या भरपूर दिसतात त्या जून ते ऑक्टोबरात. दिवाळीनंतर आपल्या भागातले कितीतरी आईवडील ऊसतोडीला जातात, सोबत काही मुलंही जातात आणि वर्ग अर्धा होतो. म्हणून "पुढच्या वर्षी चांगला कॅमेरा घेऊ" असं म्हणत थांबू नका. सगळी मुलं वर्गात आहेत तोवर, आहे त्या फोनवर सुरुवात करा.