मनाचा भार आणि देहाचे आरोग्य



इ. स. २०२० च्या जून महिन्याच्या ३ तारखेस ‘निसर्ग’ नावाच्या चक्रीवादळाने आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, विशेषेकरून दापोली व मंडणगड ह्या तालुक्यांत, नारळी-पोफळीच्या व आंब्याच्या बागा आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. वारा थांबला, पाणीही ओसरले. परंतु नवी पोफळ धरण्यास कित्येक वर्षे लागतात, आणि कर्जाचा हप्ता तर थांबत नाही. संकट येऊन जाते, काळजी मात्र घरात ठाण मांडून बसते. अशा काळजीचा देहावर काय परिणाम होतो, ह्याचा आजच्या पाठात विचार करू.

१. भय हे देहाचे रक्षक आहे. अंगणात पायाशी फुरसे दिसले तर विचार करण्यापूर्वीच आपण मागे उडी घेतो. त्या क्षणी मूत्रपिंडांच्या माथ्यावरील दोन लहान ग्रंथी अॅड्रेनॅलिन नावाचा रस रक्तात सोडतात. त्यामुळे हृदय जलद चालते, रक्ताचा दाब वाढतो, यकृतातील साखर रक्तात उतरते आणि पचनाचे काम मंदावते. पाठोपाठ कॉर्टिसॉल हा दुसरा रस ही तयारी टिकवून धरतो. धोका टळला म्हणजे सर्व पूर्ववत् होते. ही व्यवस्था हितकारकच होय.

२. न संपणारे भय घातक आहे. सावकार, आजारपण, घरातील तंटा ही फुरशाप्रमाणे क्षणात निघून जात नाहीत. देह मात्र रोजच उडी मारण्याच्या तयारीत राहतो. मग झोप उडते, रक्तदाब चढा राहतो, मधुमेह असल्यास तो आवरत नाही, आणि रोगाशी झुंजण्याची शक्ती क्षीण होते. अमेरिकेतील ओहायो येथे १९९५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग ह्याविषयी बोधप्रद आहे. बुद्धिभ्रंश झालेल्या आप्तांची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया, व तसा भार नसलेल्या त्याच वयाच्या १३ स्त्रिया, ह्यांच्या हातावर एक बारीक जखम करून ती भरून येण्याचे दिवस मोजले. पहिल्या स्त्रियांची जखम भरण्यास सरासरीने सुमारे नऊ दिवस अधिक लागले. ज्या घरातील कर्ता पुरुष मुंबईस चाकरीला आहे आणि शेत, गुरे व अंथरुणास खिळलेली सासू ह्या सर्वांचा भार एकट्या सुनेवर आहे, त्या घराने ही गोष्ट ध्यानात धरावी.

३. स्वभावास सर्व दोष देऊ नये. ‘स्वभावाला औषध नाही’ असे आपण म्हणतो. सॅन फ्रान्सिस्को येथील फ्रीडमन व रोझेनमन ह्या डॉक्टरांनी १९५९ साली असे मत मांडले की, सदा घाईत असणाऱ्या, चढाओढ करणाऱ्या व चटकन चिडणाऱ्या मनुष्यास हृदयविकार अधिक होतो. पुढील मोठ्या तपासांत हे मत जसेच्या तसे टिकले नाही. मनात धुमसत राहणारा राग व वैरभाव मात्र काही अंशी अपायकारक ठरला. आणखी एक गोष्ट पुढे उघडकीस आली. ह्या विषयाच्या संशोधनास सिगारेटच्या कंपन्यांनी पुष्कळ पैसा पुरविला होता. कारण दोष स्वभावावर गेला म्हणजे तंबाखू सुटते! काळजी विसरण्यासाठी विडी ओढणारा, मिश्री लावणारा किंवा दारू पिणारा मनुष्य जुन्या भारावर नवा भार चढवितो. स्वभाव एका दिवसात पालटत नाही, पण काळजीला तोंड देण्याची रीत शिकता येते.

४. प्रत्येक दुखणे मनाचे नव्हे. पोटातील व्रण काळजीमुळेच होतो, असे डॉक्टरही फार दिवस मानीत. ऑस्ट्रेलियातील मार्शल व वॉरन ह्यांनी दाखवून दिले की, पुष्कळ व्रणांचे मूळ एका जंतूत असते व ते औषधाने बरे होतात. ह्या शोधाबद्दल त्यांस २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा आजाऱ्याच्या उशाशी बसून “तू फार मनाला लावून घेतोस, म्हणून हे झाले,” असे म्हणणे हे अज्ञान आहे आणि निष्ठुरताही आहे. छातीत कळ आली असता “काळजीने होत असेल” म्हणून घरी बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

५. मग काय करावे? काळजीचे दोन भाग करावे. जे हातचे आहे, म्हणजे देण्याघेण्याचा हिशोब, नुकसानीचा अर्ज, रोपांची लागवड, त्यास आजच आरंभ करावा. जे हातचे नाही, ते एकट्याने उराशी धरून न बसता विश्वासू मनुष्याजवळ बोलावे. झोपेची व जेवणाची वेळ मोडू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी आणि चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये. मन फारच खचले, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. रत्नागिरीस मनोरुग्णालयही आहे. तेथे जाण्यात ताप आला असता दवाखान्यात जाण्याहून अधिक लाज नाही.

शेजाऱ्याचे कर्ज आपल्याला फेडता येणार नाही. पण त्याच्या आईजवळ एक रात्र बसून त्याच्या घरच्यांना झोप मिळवून देणे, हे गावातील कोणासही साधण्याजोगे आहे; आणि वर सांगितलेल्या कारणांस्तव ते औषधाइतकेच खरे साह्य होय.

विचारासाठी प्रश्न :
(१) थोडा वेळ टिकणारे भय व दीर्घ काळजी ह्यांत देहाच्या दृष्टीने कोणता भेद आहे?
(२) आजाऱ्याच्या स्वभावास दोष दिल्याने कोणती हानी होते?
(३) आपल्या वाडीत आजाऱ्याची शुश्रूषा एकट्याने कोण करीत आहे? ह्या आठवड्यात त्यास विसावा कोण देईल?