डोळे खाजतात, चोळू नका

डोळा हा फार नाजूक अवयव आहे. कुणाचे डोळे लाल दिसले की आपण लगेच म्हणतो, "याचे डोळे आले, लांब बस!" पण दर वेळी तसं नसतं. लाल डोळ्यांचे दोन प्रकार पाहू.

(१) डोळे येणे : ही साथ असते. जुलै २०२३ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यात आळंदीला मोठी साथ आली होती. बहुतेक वेळा आधी एक डोळा लाल होतो, मग दुसरा. डोळ्यात खडा गेल्यासारखं टोचतं. चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटतात. हात, रुमाल, टॉवेल यांतून रोग पसरतो.

(२) ॲलर्जी : धूळ किंवा फुलांचे पराग काहींच्या अंगाला मानवत नाहीत. मग दोन्ही डोळे खूप खाजतात, पाणी गळतं, पापण्या सुजतात, शिंकाही येतात. ही एकाची दुसऱ्याला होत नाही. म्हणून त्या मुलाला लांब बसवू नये.

लहान मुलांत हिचा एक हट्टी प्रकार असतो. तो मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त होतो. उन्हाळ्यात वाढतो. उजेड सोसत नाही, डोळ्यातून दोऱ्यासारखी चिकट तार निघते. मोठेपणी तो बहुतेकांचा कमी होतो.

आपल्या येडगावला कुकडी नदीवर धरण आहे. पाणी आहे म्हणून पिकं आहेत, तसंच गवतही आहे. बांधावर पांढऱ्या बारीक फुलांचं गाजर गवत उगवतं. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम दिसलं आणि देशभर पसरलं. त्याच्या परागानेही ॲलर्जी होते. मोठ्या माणसांनी हाताला कापड बांधून, फुलं येण्याआधीच ते मुळासकट उपटावं.

काय करावे?
१) डोळे चोळू नयेत. चोळल्याने खाज वाढते. वर्षानुवर्षे चोळलं तर बुबुळ पातळ होऊन पुढे येतं आणि नजर कमी होते.
२) स्वच्छ गार पाण्याची पट्टी ठेवावी.
३) उन्हात टोपी घालावी.
४) डॉक्टरांना दाखवावे.

पालकांना विनंती : मागच्या वर्षीची बाटली किंवा शेजाऱ्याचं औषध आमच्या डोळ्यात घालू नका. काही थेंबांत स्टेरॉइड असतं. त्याने लवकर बरं वाटतं, पण डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घातलं तर काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.